‘आज नको’ म्हणणारा स्किपर

पाऊस सरला, आकाश निवळलं, की कॉलेजच्या ग्रुपवर एक मेसेज पडतोच: ‘यॉटवर जायचं का?’ काही वर्षांपूर्वी यॉट ही सिनेमातल्या बड्या घरच्या पोरांची गोष्ट होती. आता गेटवेवरून, मांडव्याहून किंवा पणजीच्या मांडवीतून शिडाची नौका तासांच्या हिशेबाने मिळते आणि दहा-बारा जणांत वाटून घेतली तर खिशालाही झेपते. कुणी नेव्हल एनसीसीत एंटरप्राइज बोट चालवायला शिकतं, कुणी सुट्टीत सेलिंगचा कोर्स लावतं. आम्हाला याचा मनापासून आनंद आहे. एवढा लांबलचक किनारा लाभलेल्या राज्यात वारा शिडात कसा भरतो हे आयुष्यात एकदाही न अनुभवलेली माणसं जास्त असावीत, ही तशी लाजेचीच बाब. तेव्हा हा लेख तुम्हाला समुद्रापासून लांब ठेवण्यासाठी नाही. जरूर जा. पण निघण्याआधी ग्रुपमध्ये एक प्रश्न विचारा, जो सहसा कुणीच विचारत नाही: हवा बिघडली तर ‘आज नको’ असं म्हणणार कोण?

हसू नका. विचार करून बघा. ॲडव्हान्स भरलेला आहे. दोघं जण पुण्याहून पहाटेची गाडी पकडून आलेत. एकीचा वाढदिवस आहे, केक आइसबॉक्समध्ये आहे. क्षितिजावर काळपट काहीतरी दिसतंय, पण बोटवाला म्हणतो, ‘काही नाही हो, होऊन जाईल.’ अशा वेळी ‘परत फिरू या’ म्हणणारा ग्रुपचा व्हिलन ठरतो. आणि नेमका तोच माणूस नसल्यामुळे समुद्रावरचे बरेचसे अपघात होतात. जुने दर्यावर्दी म्हणतात, होडीवरची सगळ्यात धोकादायक वस्तू म्हणजे कॅलेंडर. ठरलेल्या तारखेला निघायचंच, ठरलेल्या वेळेला पोचायचंच, हा हट्ट वाऱ्यापेक्षा जास्त नौका बुडवतो.

गंमत म्हणजे आपल्याकडच्या कोळी बांधवांनी याच कॅलेंडरला कामाला लावलंय. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण केल्यावर होड्या पाण्यात लोटायच्या, त्याआधी नाही. सरकारी मासेमारी बंदी १ जून ते ३१ जुलै असते. ती मुख्यतः माशांच्या विणीसाठी असली तरी माणसांचे जीवही वाचवते. मुंबईतल्या शिडाच्या होड्याही पावसाळ्यात किनाऱ्यावर ओढून ठेवल्या जातात. म्हणजे ज्यांचं पोट समुद्रावर आहे आणि ज्यांचा छंद समुद्रावर आहे, त्या दोघांनीही ‘नको’ हा शब्द वर्षाच्या आखणीतच लिहून टाकलाय. दर वेळी नव्याने हिंमत गोळा करायला नको.

मग उरलेले आठ महिने बिनधास्त? तसंही नाही. ऑक्टोबरात परतीचा पाऊस असतो, मे महिन्यात वळवाचे ढग. सकाळी तळ्यासारखा दिसणारा समुद्र दुपारी तीनला वेगळाच असतो, कारण जमीन तापली की समुद्रावरून येणारा वारा जोर धरतो. शाळेत ‘खारे वारे, मतलई वारे’ पाठ केलं होतं ना, तेच हे. जाताना मजेत गेलेली होडी येताना लाटांवर आदळत येते, आणि तोवर निम्म्या ग्रुपला उलट्या सुरू झालेल्या असतात. गडगडाटी ढगाचं आणखी एक लक्षण लक्षात ठेवा: वाहता वारा अचानक पडतो, क्षणभर सगळं शांत होतं आणि मग ढगाच्या दिशेने थंड झोत येतो. त्या शांततेत सेल्फी काढत बसायचं नसतं. शीड उतरवायची ती वेळ असते.

मे महिन्यातलं चक्रीवादळ किती महाग पडू शकतं, हे मुंबईने २०२१ मध्ये पाहिलं. तौक्ते वादळाचा इशारा काही दिवस आधीच आला होता. बॉम्बे हाय परिसरातल्या तेलविहिरींवर काम करणाऱ्यांची राहण्याची सोय असलेला पी-३०५ हा तराफा मात्र तिथेच नांगर टाकून थांबला. वादळात त्याचे नांगर तुटले, तो एका प्लॅटफॉर्मवर आदळला, आत पाणी शिरलं आणि १७ मेच्या संध्याकाळी तो बुडाला. तराफ्यावर २६१ माणसं होती. नौदलाने त्या खवळलेल्या समुद्रात रात्रभर शोध घेऊन १८६ जणांना बाहेर काढलं. ही यॉट नव्हती, सहलीला गेलेली पोरंही नव्हती. ही कामावरची माणसं होती आणि निघायचं की थांबायचं हे ठरवणं त्यांच्या हातात नव्हतं. तुमच्या हातात ते असतं, एवढाच फरक.

पण ‘इशारा आला होता’ हे वाक्य वाटतं तितकं साधं नाही. इशारा येतो, पण तो कळतो का? याचं सगळ्यात बोलकं उदाहरण ऑस्ट्रेलियातलं आहे. सिडनी ते होबार्ट ही शिडाच्या नौकांची प्रसिद्ध शर्यत दर वर्षी नाताळच्या दुसऱ्या दिवशी सुरू होते. १९९८ साली ११५ नौका निघाल्या. निघून थोडाच वेळ झाला असेल, तिथल्या हवामान खात्याने इशारा वाढवून ‘स्टॉर्म वॉर्निंग’ दिली. दुसऱ्या दिवशी वाऱ्याने आणि लाटांनी त्या ताफ्याची दाणादाण उडवली. ११५ पैकी ४४ नौका होबार्टला पोचल्या, पाच बुडाल्या, ५५ जणांना समुद्रातून उचलावं लागलं आणि सहा खलाशी गेले. नंतर चौकशीत जे बाहेर आलं ते वाचून डोकं चक्रावतं. अनुभवी म्हणवणाऱ्या कित्येकांना हा इशारा नेमका किती गंभीर आहे हे माहीत नव्हतं. आणि अंदाजात दिलेला वाऱ्याचा वेग म्हणजे जास्तीत जास्त वेग, असं अनेकांनी धरून चाललं होतं.

इथे थोडं थांबू या, कारण ही चूक आपणही रोज ॲपवर करतो. हवामानाच्या अंदाजात वाऱ्याचा जो वेग देतात तो सरासरी असतो. झोत त्याहून कितीतरी जास्त असतात; ऑस्ट्रेलियाचं हवामान खातं ते ४० टक्क्यांपर्यंत धरायला सांगतं. लाटांचं त्याहून फसवं. अंदाजातली ‘लाटांची उंची’ ही बहुतेकदा सगळ्यात मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी असते. म्हणजे दोन मीटर लिहिलंय म्हणून लाटा दोन मीटरवर थांबत नाहीत. बऱ्याच वेळ समुद्रात राहिलात तर जवळजवळ चार मीटरची एखादी लाट तुमच्या वाट्याला येऊ शकते, आणि होडी उलटायला एकच पुरते.

वाऱ्याचा हिशेब तर फिजिक्सच्या पेपरातलाच आहे. वेग दुप्पट झाला की शिडावरचा दाब चौपट होतो. १२ नॉटवर मजेत डुलणारी होडी २४ नॉटवर ‘दुप्पट मजा’ देत नाही. तिच्यावर चौपट जोर आलेला असतो. (एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. बोटीवर इंप्रेशन मारायला हे उपयोगी आहे.) म्हणूनच सेलिंग शिकवणारे शिडाचा पसारा वेळीच कमी करायला, म्हणजे रीफ घ्यायला, घोकून घोकून सांगतात. केव्हा घ्यायचा? तर ‘घ्यावा का?’ असा विचार डोक्यात पहिल्यांदा आला त्याच क्षणी. दहा मिनिटांनी तेच काम दुप्पट हातांनीही होत नाही.

आपल्याकडे हवामान विभाग मच्छीमारांसाठी रोज वेगळा इशारा देतो, हे किती जणांना माहीत आहे? हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था लाटांचा अंदाज देते. बंदरावर धोक्याचा बावटा लागतो. ‘तीन नंबरचा बावटा’ ही बातमी पावसाळ्यात आपण पेपरात वाचतो आणि पान उलटतो. लाटांचा अंदाज तर आकाश स्वच्छ असतानाही बघायला हवा. केरळात ‘कल्लक्कडल’ म्हणतात, म्हणजे चोरपावलांनी येणारा समुद्र. खाली, दक्षिण हिंदी महासागरात वादळ होतं; तिथून निघालेल्या लांब लाटा हजारो किलोमीटर कापून काही दिवसांनी आपल्या किनाऱ्यावर थडकतात. इथे ना ढग, ना वारा. खडकावर फोटो काढणाऱ्यांना कळतही नाही की समुद्र का उसळला.

समजा, निर्णय चुकला किंवा अंदाज फसला आणि वादळाने गाठलंच. मग? माणसाची पहिली ओढ किनाऱ्याकडे असते. जमीन म्हणजे जीव वाचला. शिडाच्या नौकेवर हे नेहमी खरं नसतं. वारा ज्या किनाऱ्याकडे ढकलतोय तो किनारा म्हणजे शत्रू, कारण तिथे उथळ पाण्यात लाटा फुटतात आणि खडकांपासून सुटायला जागा उरत नाही. वारा पश्चिमेचा असला तर अख्खं कोकण हे असा किनारा असतं. म्हणून बंदराचं तोंड ओळखीचं आणि पोचण्यासारखं नसेल, तर अनुभवी स्किपर उलट खोल समुद्राकडे सरकतो, शीड जवळजवळ सगळं उतरवतो आणि वादळ अंगावरून जाऊ देतो. नवख्याला हे वेडेपणाचं वाटेल. म्हणून नवख्याने अशा दिवशी निघायचंच नसतं.

दुसरी ओढ होडी सोडून देण्याची. इंग्लंडमधल्या फास्टनेट शर्यतीत १९७९ च्या ऑगस्टमध्ये ३०३ नौका होत्या. मध्येच वादळ आलं आणि १५ खलाशी मृत्युमुखी पडले. भेदरलेल्या अनेकांनी नौका सोडून हवेने फुगणाऱ्या लाइफराफ्टमध्ये उड्या टाकल्या. एकंदर २४ नौका सोडून दिल्या गेल्या आणि त्यातल्या बुडाल्या फक्त पाच! बाकीच्या रिकाम्या नौका नंतर तरंगताना सापडल्या. लाइफराफ्टच्या प्रसंगांत सात जण गेले आणि त्यांनी सोडलेल्या नौका मात्र ओढून बंदरात आणता आल्या. तेव्हापासून दर्यावर्दी शिकवतात की लाइफराफ्टमध्ये पाऊल वर टाकून चढायची वेळ आली तरच चढा, म्हणजे पायाखालची नौका खरोखर बुडत असेल तरच. मोठ्या यॉटच्या तळाला कील असते, शिसं किंवा लोखंडाचं प्रचंड वजन. ती आडवी झाली तरी बहुधा पुन्हा उभी राहते. तुमच्या फुगलेल्या रबरी तराफ्यापेक्षा ती जखमी नौकाच जास्त भरवशाची असते. अर्थात नौका खरंच बुडत असेल तर क्षणाचाही विलंब नको. २०२२ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत फिनलंडच्या तापिओ लेहतिनेन यांची ‘अस्टेरिया’ काही मिनिटांत बुडाली. राफ्ट हाताशी तयार होता म्हणून ते त्यात बसू शकले आणि दुसऱ्या दिवशी त्याच शर्यतीतल्या किर्स्टन नॉयशेफर यांनी वाट वाकडी करून त्यांना उचललं. शर्यत पुढे त्यांनीच जिंकली, हे जाता जाता.

‘असं घाबरून राहिलं तर साहस कसं होणार?’ हा प्रश्न तुम्ही विचारणारच, आणि विचारायला हवा. त्याचं उत्तर अभिलाष टॉमी यांच्याकडे आहे. नौदलाच्या या अधिकाऱ्याने गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’वरून २०१२-१३ मध्ये एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली, असं करणारे ते पहिले भारतीय. २०१८ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत ते ‘तुरीया’ ही, तीही गोव्यातच बांधलेली, नौका घेऊन उतरले. जीपीएस न वापरता, जुन्या पद्धतीने. २१ सप्टेंबरला दक्षिण हिंदी महासागरात वादळाने त्यांना गाठलं. सत्तर नॉटचा वारा, चौदा मीटरच्या लाटा. नौका पूर्ण पलटी खाऊन सरळ झाली, डोलकाठ्या मोडल्या, टॉमींच्या पाठीला जबर इजा झाली. उठताही येईना. मोठ्या भूमीचा किनारा हजारो किलोमीटर दूर.

आणि तरीही ते जगले. कसे? ते नौकेच्या आतच राहिले. संकटाची सूचना देणारी यंत्रं चालू होती, छोटे मेसेज पाठवता येत होते. ऑस्ट्रेलियातल्या बचाव केंद्राने सूत्रं हातात घेतली, आपल्या नौदलाच्या पी-८आय विमानाने त्यांना शोधलं आणि २४ सप्टेंबरला फ्रान्सच्या ‘ओसिरिस’ या गस्ती नौकेने त्यांना उचललं. शर्यतीतला आयरिश स्पर्धक ग्रेगर मॅकगकिन स्वतःच्या मोडलेल्या नौकेवर कामचलाऊ शीड उभारून त्यांच्या दिशेने निघाला होता. समुद्रावरची माणुसकी ही अशी असते. या सगळ्यात एक बारीक तपशील मात्र आम्हाला फार बोचतो. टॉमींकडे दुसरा सॅटेलाइट फोन होता, पण तो आणीबाणीच्या बॅगेत होता आणि पाठ मोडलेल्या अवस्थेत त्यांचा हात त्या बॅगेपर्यंत पोचत नव्हता. इतक्या कसलेल्या माणसाच्या बाबतीतही हे घडू शकतं. तुमच्या सहलीच्या होडीवर लाइफजॅकेटं बाकाखाली कुलपात असतील, तर ती नसल्यातच जमा धरा.

पाठीवरच्या शस्त्रक्रियेनंतर टॉमी पुन्हा चालायला शिकले, २०२२ मध्ये त्याच शर्यतीत पुन्हा उतरले आणि एप्रिल २०२३ मध्ये दुसरे आले. याला साहस म्हणतात. ते त्या वादळी समुद्रात गेले कारण पृथ्वीप्रदक्षिणेची वाट तिथूनच जाते. दुसरा रस्ता नाही. त्यामागे वर्षानुवर्षांची तयारी होती. ‘तारिणी’वरच्या सहा महिला अधिकारी २०१७-१८ मध्ये २५४ दिवसांत जगाला फेरी मारून आल्या, त्याही आधी प्रशिक्षणात हजारो सागरी मैल कापून मगच निघाल्या. यांच्या फोटोखाली लाइक ठोकायचं आणि स्वतः लाइफजॅकेट न घालता ‘टायटॅनिक पोझ’ द्यायची, या दोन गोष्टी एका जातीच्या नाहीत.

लाइफजॅकेटवरून आठवलं. ‘मला पोहता येतं’ हे वाक्य समुद्रावर फारसं उपयोगी नाही. सहा नॉटने चाललेली नौका सेकंदाला तीन मीटर पुढे जाते. एक जण पाण्यात पडला, बाकीच्यांच्या लक्षात यायला अर्धा मिनिट गेला, की तो नव्वद मीटर मागे राहिला. मीटरभर लाटांमध्ये नव्वद मीटरवरचं माणसाचं डोकं म्हणजे नारळ. दिसतं, जातं, पुन्हा दिसत नाही. म्हणून कुणी पडलंच तर एकाने बाकी काहीही न करता फक्त त्याच्याकडे बोट दाखवत उभं राहायचं, नजर हटवायची नाही. दुसऱ्याने तरंगेल ती वस्तू फेकायची. उडी कुणीच मारायची नाही. डिसेंबर २०२४ मध्ये गेटवेहून घारापुरीला निघालेल्या बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली तेव्हा हवा चांगली होती, पण कित्येक प्रवाशांच्या अंगात लाइफजॅकेट नव्हतं. उन्हात त्याने घाम येतो, फोटोत ते वाईट दिसतं, हे सगळं मान्य. घाला.

आता पुढच्या प्लॅनचं बोलू. बोट बुक करताना तुम्ही स्पीकर आहे का, ड्रोन चालेल का, हे विचारता. त्यात चार प्रश्न घाला. प्रत्येकाच्या मापाचं लाइफजॅकेट आहे का आणि ते ठेवलंय कुठे? माणसं किती नेण्याची परवानगी आहे? बोटीवर व्हीएचएफ रेडिओ आहे का? संकटकाळी सोळा नंबरच्या चॅनेलवर बोलतात, हे त्या बोटवाल्याला माहीत असायलाच हवं. किनाऱ्यावर कुणाला सांगून निघणार? हे शेवटचं तुम्हीही करा. घरी किंवा हॉस्टेलवर कुणाला तरी बोटीचं नाव आणि परतायची वेळ सांगून ठेवा, आणि तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर फोनमध्ये सेव्ह करा.

आणि या सगळ्याच्या आधी, पैसे पाठवण्यापूर्वी, विचारा: ‘हवा खराब झाली तर ॲडव्हान्स परत मिळतो का?’ हा प्रश्न आम्हाला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. जो बोटवाला ‘हो, परत देतो किंवा तारीख बदलून देतो’ म्हणतो, त्याला काळा ढग दिसल्यावर निघायची घाई नसते. जो ‘नॉन-रिफंडेबल’ म्हणतो, तो त्या दिवशी निघणार आणि तुम्हीही पैसे वाया जाऊ नयेत म्हणून त्याच्यासोबत निघणार. तेव्हा ग्रुपवर पोल टाकालच तर दोन टाका: एक तारखेचा आणि दुसरा, ऐन वेळी ‘आज नको’ म्हणायचा अधिकार कुणाला द्यायचा त्याचा.